आयेचा हुंकार

आमच्या घरी गौरीला मटणाचा नैवेद्य दाखवतात. गणपती शेजारीच बसलेला असतो. त्याला ते दिसू नये म्हणून दोघांच्या मध्ये धोतराचा पडदा धरतात. हे मी पुण्याला वसतिगृहात एकदा सहज बोलून गेलो, तर खोलीतली मुलं पोट धरून हसली. एकानं विचारलं, "दिसत नाही हे ठीक, पण वास येत नाही का रे त्याला? एवढी मोठी सोंड आहे!" मला उत्तर सुचलं नाही. वेळेवर उत्तर सुचत नाही हे माझं जुनंच दुखणं आहे. खरं म्हणजे हाच प्रश्न मी लहानपणी आयेला विचारला होता, आणि तिनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं, "येतो तर येऊ दे. आयशीच्या ताटातला वास पोराला आल्याबिगर ऱ्हातोय? पण तो शहाणा हाय. गप बसतो. तू पण बस."

त्या पडद्याच्या अलीकडे एका वर्षी जे घडलं ते सांगावं असं बरेच दिवस मनात आहे. मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. घडलं ते फार मोठं नव्हतं. फक्त त्या दिवशी आमच्या घरची जेवणं पुष्कळ उशिरा झाली.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. खाली खाचरांत भात, वर उतारावर नाचणी आणि वरी. जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईला. आमच्या घरातला दादा. तो गिरणीत लागला म्हणून मला आधी महाडच्या शाळेत आणि मग पुण्याच्या कॉलेजात जाता आलं. आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजाचं दार कोणी बाहेरूनही पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी सुटीत घरी आलो की आये मला कामाला हात लावू देत नसे आणि पाहुण्यांसमोर मात्र उभं करी. मी काय शिकतो हे तिला सांगता येत नसे, म्हणून ती "लई कठीण हाय ते" एवढंच सांगे.

दादा वर्षातून दोनदा येई, शिमग्याला आणि गणपतीला. त्याचं लग्न होऊन चार पावसाळे झाले होते. वहिनी घरीच असे, आयेच्या हाताखाली. दोघींचं वाईट नव्हतं. उलट दिवसभर दोघींची अखंड बडबड चालायची, म्हशीपासून ते खालच्या वाडीतल्या भांडणापर्यंत. पण त्या वर्षी दादानं परळला बिऱ्हाडाची सोय केली होती. सोय म्हणजे ओळखीच्या एका माणसाच्या खोलीत अर्धी जागा, मध्ये गोणपाटाचा पडदा. वहिनीला तिकडे जायचं होतं. दादाला तिला न्यायचं होतं. त्यानं आल्या दिवशीच आयेच्या कानावर घातलं. आये म्हणाली, "बघू."

आमच्या घरात "नाय" म्हटलं तर त्यावर भांडता येतं. "बघू" म्हटल्यावर काही उरत नाही.

वहिनी काही बोलली नाही. पण गौर यायच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या काकीकडे सूप परत करायला म्हणून गेली आणि पुष्कळ वेळानं, सूप हातात तसंच घेऊन, परत आली. काकी म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको. तो बिचारा लवकर गेला. काकी एकटी राही, तंबाखूची मशेरी लावी आणि वाडीतल्या सगळ्या सणांच्या सगळ्या कहाण्या तिला तोंडपाठ होत्या. गौरीची कहाणी आमच्या घरी सांगायला तीच येई.

कहाणीचा आमच्याकडे एक रिवाज आहे तो आधी सांगायला हवा. नैवेद्याचं पान गौरीपुढे मांडलं की पडदा धरायचा. पडद्याचं एक टोक खुंटीला आणि दुसरं घरातल्या थोरल्या मुलाच्या हातात. ते बांधून ठेवायचं नाही. मग कहाणी. घरातली थोरली सवाशीण मुठीत तांदूळ धरून ऐकते आणि प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणते. तिचा हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य सांगायचं नाही. कहाणी अर्धी सोडून कोणी उठायचं नाही. कहाणी संपून तिनं मुठीतले तांदूळ गौरीच्या पायाशी टाकले की मग पडदा खाली आणि पानं वाढायची. आणि एक म्हणजे, हुंकार दिला ते कबूल. देवीसमोर हूं म्हणून मागाहून नाय म्हणता येत नाही.

गौर आली त्या रात्री बायकांनी झिम्मा-फुगड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आली ती गळ्याला फडकं गुंडाळून. तोंड उघडी, पण आवाज नाही. नुसती हवा.

"झालं!" आये म्हणाली. "नाच अजून पोरींसंगं! आता कहाणी कोण सांगंल? तुझा बापूस?"

काकीनं गंभीरपणे माझ्याकडे बोट केलं.

"मला सगळी येत नाही," मी म्हणालो.

काकीनं आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग माझ्या कानाकडे. ती कानात सांगणार, मी मोठ्यानं बोलायचं. आयेला ते एकदम पटलं. किंबहुना ती खूश झाली. "कालिजातला हाय. चार लोकांसमोर बोलायची सवय हवी त्याला," ती म्हणाली. मला कॉलेजात चार लोकांसमोर बोलायची मुळीच सवय नव्हती, पण ते सांगायचा धीर झाला नाही.

दुपारी सगळे माजघरात बसलो. गौर म्हणजे तेरड्याची जुडी, तिला मुखवटा आणि आयेचं हिरवं लुगडं. शेजारी गणपती. दादा पडदा धरून उभा राहिला, तोंड गणपतीकडे. बाबा भिंतीशी पाटावर बसले, पुढ्यात रिकामं केळीचं पान. वहिनी पलीकडे चुलीपाशी वडे तळत होती, तिथून तिला सगळं ऐकू येत होतं. श्रावणापासून घरात तिखट, म्हणजे मटण-मासळी, शिजलं नव्हतं. नैवेद्याच्या मटणाचा वास सबंध घरात भरला होता. बाबांनी दोनदा आवंढा गिळला तो मला दिसला.

कहाणी सगळ्यांना माहीत होती. एका म्हातारीला सात मुलगे आणि सात सुना. गौरीच्या दिवशी देवी भिजलेल्या भिकारणीच्या रूपानं दारी येते. सहा सुना तिला हाकलतात. धाकटी आपल्या वाटणीची भाकरी तिला देते. देवी म्हणते, माग. धाकटी म्हणते, माझ्या सासूचं घर भरू दे. घर भरतं. इथं दरवर्षी वाडीतल्या सगळ्या सासवा मान डोलवत.

काकी माझ्या उजव्या कानाशी टेकली. मशेरीचा वास आला. मी सुरुवात केली.

"डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. वाडीत एक म्हातारी होती."

"हूं," आये म्हणाली.

"तिला..." मी थांबलो. काकी कानात म्हणत होती, दोन. मी मान वळवून पाहिलं. तिनं दोन बोटं दाखवली. "तिला दोन मुलगे होते."

"सात," आये म्हणाली.

"यंदा दोन आहेत."

"मग बाकीचे पाच कुठं गेले?"

"पटकीनं गेले असतील," बाबा पाटावरून म्हणाले. "दोन तर दोन. पुढं सांग."

आयेनं नाखुशीनं हूं केलं.

"थोरला मुलगा सात खाड्यांपलीकडे राजाच्या कारखान्यात चाकरीला होता."

"हूं."

"धाकटा काशीला विद्या शिकत होता. आणि त्याच्या विद्येचा घरात कोणाला काडीचा उपयोग नव्हता."

हे वाक्य मी पुरतं बोलून गेलो आणि मग मला त्याचा अर्थ लागला. पडदा गदगदा हलला. दादा हसत होता. आयेनं "हूं" म्हटलं ते जरा लगेचच म्हटलं असं मला वाटलं.

इथवर आल्यावर ही कोणाची कहाणी आहे हे मलाही कळलं. सांगायला लाज वाटते, पण घरात ते सर्वांत शेवटी मलाच कळलं असावं. उठून जावं तर कहाणी अर्धी सोडता येत नाही. मी काकीकडे पाहिलं. ती डोळे मिटून, हात जोडून, देवीपुढे अगदी लीन झाली होती.

देवी आली, भिजलेली होती, सुनेनं तिला भाकरी दिली, हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आये हुंकार देत होती. वडे चुरचुरत होते. मग काकी पुन्हा कानाशी आली.

"देवीनं घरात चहूकडं बघितलं," मी सांगू लागलो, "आणि म्हातारीला विचारलं, म्हातारे, तुझ्या घरात पाळणा का नाही?"

वड्यांचा आवाज चालू होता, पण झाऱ्याचा थांबला.

"हूं," आये म्हणाली. मग आपणहोऊन म्हणाली, "म्हातारी म्हणाली असंल, देवाची मर्जी."

"होय. म्हातारी म्हणाली, देवाची मर्जी. त्यावर देवी हसली. आणि देवी म्हणाली..."

देवी काय म्हणाली ते काकीनं माझ्या कानात सांगितलं आणि माझा कान तापला. समोर बाबा बसले होते. पलीकडे वहिनी होती. मी मनातल्या मनात ते वाक्य उलटसुलट केलं, आणि सांगितलं, "देवी म्हणाली, संततीच्या प्राप्तीसाठी पतिपत्नींचे सान्निध्य आवश्यक असते."



"काय म्हणाली?" आयेनं विचारलं.

"सान्निध्य."

"ही देवी पुण्याची काय रे?" बाबा म्हणाले.

काकीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी डोळे मिटून एका दमात बोललो, "देवी म्हणाली, नवरा येतो शिमग्याला नि गणपतीला. मग पाळणा काय मी माझ्या गळ्यात अडकवून आणू?"

चुलीपाशी झारा खाली पडला. बाबांना ठसका लागला. दादाच्या मानेचा मागचा भाग लाल झालेला मला दिसला. आयेनं पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रागावली आहे की हसते आहे ते मला ओळखता येईना. पदराआडून बऱ्याच वेळानं एक लांबलचक "हूं" आला.

काकीला आता चेव आला. ती भराभर सांगू लागली आणि मी भराभर बोलू लागलो. देवी म्हणाली, म्हातारे, मी पण माहेरवाशीण. मी येते, दोन दिवस राहते, जेवते, नि तिसऱ्या दिवशी तू माझी ओटी भरून मला माझ्या नवऱ्याकडं धाडतेस. मला कंदी जास्त ठेवून घेतलंस? "हूं." मग माझ्या भरल्या घराची तुला काळजी, नि तुझ्या सुनेची नाय? "हूं." म्हणून देवी म्हणाली, म्हातारे, सुनेला तिच्या नवऱ्याकडे पाठव.

हुंकार आला नाही.

मी वाट पाहिली. मग वाक्य पुन्हा म्हटलं. आये गौरीच्या मुखवट्याकडे बघत होती. तांदळाची मूठ तिनं घट्ट आवळली होती.

बाहेर ओसरीवर कुत्रं आलं, हुंगून बसलं. नैवेद्याच्या वाटीतल्या रश्श्यावर तेलाची साय धरू लागली. दादाचा हात अवघडला होता. पडद्याचं टोक बोटबोट खाली येत होतं.

"अरे वर धर," बाबा ओरडले. "गणपती बघतोय!"

दादानं दोन्ही हातांनी टोक धरलं.

"त्या देवीला विचार," आये शेवटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तिला म्हणावं, सुनेला कुठं धाडू? अर्ध्या खोलीत? मधी गोणपाट, नि पलीकडं दुसऱ्याचा संसार? माझी सून पडद्याआड नांदायला आणली काय मी? ईहीण काय म्हणंल माझी?"

हा प्रश्न कहाणीतला होता की बाहेरचा हे मला समजेना. पण उत्तर दिल्याशिवाय कहाणी हलणार नव्हती. मी कान काकीकडे केला. काही आलं नाही. पाहिलं तर काकी आढ्याकडे बघत होती, जणू तिथं पाल आहे. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि माझं दुखणं तर मी आधीच सांगितलं आहे.

मी कुठं पाहावं हे न सुचून दादाच्या हातांकडे पाहत राहिलो. त्याच्या हातांतल्या धोतराकडे. आणि कसं कोण जाणे, मी बोललो.

"देवी म्हणाली, म्हातारे, मी आणि माझा मुलगा तुझ्या घरी एकाच चौरंगावर राहतो. मध्ये एक धोतर. अलीकडे मी मटण खाते, पलीकडे तो मोदक खातो. त्यानं आमचं माय-लेकरांचं आजवर काही बिघडलं का?"

बाबांनी मांडीवर थाप मारली. पडद्यापाशी दादा "वा रे भावा!" म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली, कारण पडदा धरणाऱ्यानं बोलायचं नसतं.

आये माझ्याकडे बघत राहिली. "हे काकीनं सांगितलं तुला?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

"देवी म्हणाली."

"हूं," आये म्हणाली. हुंकार तोकडा होता, पण होता. काकीनं माझ्या पाठीवर हळूच हात फिरवला, बैल औताला चांगला चालला की फिरवतात तसा.

मला वाटलं, झालं. जिंकलो. आता शेवटचं वाक्य, आणि जेवण. तेवढ्यात आये म्हणाली, "मग?"

"मग सून गेली," मी म्हणालो.

"गेली. बरं झालं. मग त्या म्हातारीजवळ कोण ऱ्हायलं?" ती माझ्याकडे नाही, देवीकडे बघून विचारत होती. "थोरला खाड्यांच्या पल्याड. धाकटा काशीला, तो शिकून सायब होईल, तो काय डोंगरात येतोय आता. सून होती, दिवसभर दोन शब्द बोलत होती, ती पण गेली. म्हातारीनं बोलायचं कुणासंगं? म्हशीसंगं?"

काकीनं मान खाली घातली. ती स्वतः एकट्या घरात राहत होती, तिला ठाऊक होतं. वहिनी पिठाचे हात घेऊन दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं मला मान हलवून खुणावलं, नको भावजी, ऱ्हाऊ दे, नाय जात मी. दादा पडद्याकडे तोंड करून उभा होता, त्याचं काय झालं ते मला दिसलं नाही.

मी देवीच्या नावानं पुन्हा काही बोलू शकलो असतो. पण आयेनं माझ्याबद्दल म्हटलेलं खरं होतं. सुटी संपली की पुण्याला परत जायची मला घाई होत असे आणि ती मी लपवत असे. आता खोटं सांगावं तर समोर देवी. कहाणी खरोखरच अडली.

"म्हातारा कुठं गेला?" बाबा म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"कोण म्हातारा?" आयेनं विचारलं.

"त्या म्हातारीचा. दोन पोरं झाली ती काय देवीनं सुपात घालून आणून दिली?" बाबा पाटावरून पुढे सरकले. भुकेनं की रागानं, त्यांचा आवाज चढला होता. "इतकी सालं आयकतोय मी ही कहाणी. सासू हाय, सुना हायत, पोरं हायत, म्हैस पण हाय. म्हातारा कंदी नाय! मेला म्हणावं तर म्हातारी कुंकू लावते. मग गेला कुठं? पोरा, सांग तिला. म्हणावं, घरात एक म्हातारा होता. त्याला बोलायला येत होतं. त्याला कोणी विचारत नव्हतं."

आये त्यांच्याकडे वळली. बाबांशी ती लोकांदेखत सहसा थेट बोलत नसे. ती मलाच म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला विचार, म्हशीची धार काढाया येते काय म्हणावं? सून गेल्यावर ती कोण काढंल?"

"शिकंल म्हणावं," बाबा मला म्हणाले.

"म्हैस लाथ मारते म्हणावं."

"मारू दे म्हणावं. लाथ खाल्ली म्हणून बोलणं बंद होत नाय."

"बोलंल काय म्हणावं तो? जेवायचं काय हाय, एवढंच बोलतो. सबंध दिवसात एक वाक्य."

"बाकीची तिनं जागाच ठेवली नाय म्हणावं!"

मी इकडून तिकडे मान फिरवत होतो. मला काही म्हणायची गरजच पडत नव्हती. आणि मग आये हसली. पदर घ्यायचंही तिला सुचलं नाही. ती इतकी हसली की मुठीतले थोडे तांदूळ खाली सांडले. ते तिनं घाईघाईनं वेचून परत मुठीत घेतले, कारण अजून ती कबूल झाली नव्हती.

"सांग," ती डोळे पुसून मला म्हणाली. "म्हातारा होता म्हणून सांग."

"घरात एक म्हातारा होता," मी म्हणालो.

"हूं. पण सून कापणी झाल्यावर गेली, आधी नाय. घाल त्यात."

"सून भातकापणी झाल्यावर गेली."

"हूं. नि दर साली गौरीसंगं माहेराला आल्यागत आली. न चुकता."

"आणि दर वर्षी गौरीबरोबर आली. न चुकता."

आयेनं दाराकडे पाहिलं. वहिनीनं पिठाच्या हातांनीच नमस्कार केला, सासूला की देवीला ते सांगता येणार नाही, दोघी एकाच रेषेत होत्या. आयेनं मूठ उघडली आणि तांदूळ गौरीच्या पायाशी टाकले.

"हूं," ती म्हणाली.

दादानं पडदा खाली घेतला आणि हात झटकत खालीच बसला. गणपती होता तसाच होता, शहाण्यासारखा गप्प. वहिनीनं पानं वाढायला घेतली. मटण गार झालं होतं, वडे काही करपले होते, कोणी तक्रार केली नाही. वहिनी काकीच्या पानाशी आली तेव्हा काकी टाकसाळीतल्या नाण्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नळी मला घाल गो! नि रस्सा जरा खालून!"

सगळे घास हातात धरून तिच्याकडे बघू लागले.

"देवी पावली," काकी म्हणाली, आणि गळ्याचं फडकं सोडून तिनं नळी ठोकायला घेतली.

आये तिला काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण दुसरी नळी तिनंच तिच्या पानात वाढली.

दुसऱ्या दिवशी गौर-गणपती ओढ्यावर नेले. आमचा ओढा पुढे सावित्रीला मिळतो. बायका तेरड्याची जुडी घेऊन पुढे, आम्ही मागे. पाण्यात सोडण्याआधी आयेनं गौरीची ओटी भरली आणि तिच्या कानाशी, म्हणजे मुखवटा काढल्यावर जिथं कान असावा तिथं, तोंड नेऊन ती काहीतरी पुटपुटली. परत येताना वहिनी माझ्याबरोबर चालत होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"काय म्हणाली आये?" मी विचारलं.

"आत्याबाय म्हणाल्या, तू सांगितलंस म्हणून धाडते गो. पण माझी सून तिकडं सुकली, तर पुढल्या साली तुला मटण नाय. नुसती शेपूची भाजी."

भातकापणी झाली आणि दादा येऊन वहिनीला घेऊन गेला. पोलादपूरहून मोटार, धरमतरहून बोट. आये मोटारीपर्यंत गेली होती असं मला मागाहून कळलं. नाताळच्या सुटीत मी घरी आलो तर बाबा गोठ्यात बसले होते, गुडघ्याला हळदीचा लेप, आणि म्हैस त्यांच्याकडे संशयानं बघत होती. उंबऱ्यावर आये. ती धार कशी काढायची ते सांगत होती, मग खालच्या वाडीतल्या भांडणाचं सांगत होती, मग पुन्हा धारेचं. बाबा मध्येच एखादं वाक्य बोलत. मी मोजलं नाही, पण दिवसाला एकाहून जास्त भरली असती.

पाळण्याचं काय झालं असं विचाराल, तर पुढच्या गौरीपर्यंत तरी काही झालं नाही. देवीला बहुधा त्याची आमच्याइतकी घाई नसावी. वहिनी मात्र ठरल्याप्रमाणे गौर आली त्याच संध्याकाळी आली, अंगानं भरलेली. आयेनं तिला पुढून मागून निरखलं आणि मग मटणाला परवानगी दिली.

त्या वर्षी काकीनं कहाणी स्वतःच सांगितली. म्हातारीचे पटकीनं गेलेले पाचही मुलगे परत आले होते. काशीचा विद्वान गाळला होता, त्याचं मला बरं वाटलं. पण म्हातारा राहिला. घरात एक म्हातारा होता, तो म्हशीच्या लाथा खाई आणि म्हातारीशी बोले, असं काकी म्हणाली, आणि आयेनं हूं म्हटलं. खालच्या वाडीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी ऐकायला बसली होती. ती हळूच म्हणाली, "आमच्या माहेरच्या कहाणीत म्हातारा नाय गो."

"नसंल," आये म्हणाली. "तुमच्याकडच्या म्हशी गरीब असतील."